डाव्या हातातला चाबूक

कपडेपटातल्या मिन्नाने तो झगा खुंटीवरून काढून पाठीमागे धरला, पण आर्डिसला जे दिसायचे ते तेवढ्यात दिसून गेले. निळ्या चौकड्यांचा सुती झगा, डाव्या कोपराजवळ ठिगळ.

"दाखव," आर्डिस म्हणाली.

"तुझा नाही तो. तुझा तिकडे टांगलाय. करडा. शालीसकट."

"मिन्ना, दाखव म्हणते ना."

मिन्ना ऑस्ट्रो त्या स्टुडिओत एकोणतीस वर्षे कपडे शिवत होती आणि तोंडात टाचण्या धरूनही स्पष्ट बोलायची. आज टाचण्या नसतानाही ती पुटपुटत होती. तिने झगा टेबलावर पसरला. आर्डिसने कॉलर उलटी केली. आत पांढऱ्या फितीवर शाईने लिहिलेले होते, आ. केल. अकरा वर्षांत शाई तपकिरी झाली होती. ती फीत अर्धी झाकेल अशी नवी फीत वर टाचली होती, जो. पार्डी.

"दोन्ही अंगांनी आत घेतला," मिन्ना म्हणाली. "पोरगी बारीक आहे."

"मीही बारीक होते."

"होतीस. मापं मीच घेतली होती ना."

आर्डिसने करडा झगा अंगावर चढवला. पस्तिसाव्या वर्षी तिला वीस वर्षांच्या मुलीची आई व्हायचे होते. त्या दूरदर्शन मालिकेत तिचा नवरा झालेला नट बावन्न वर्षांचा होता आणि पट्ट्याखाली पोट आवळून घोड्यावर बसत होता. मुलीच्या प्रेमात पडणारा नायक चव्वेचाळीसचा. अकरा वर्षांपूर्वी एका सिनेमात याच नायकाने आर्डिसला मागणी घातली होती. आता तो तिच्या मुलीला मागणी घालणार होता, आणि याचे कोणालाही काही वाटत नव्हते. पुरुषांची वये त्या सिनेमाच्या गावात डोंगरांसारखी जागच्या जागी उभी असत. बायकांचीच तेवढी वाहून जात.

तिचे खरे नाव आर्डिस क्रूपिका. नेब्रास्कातल्या चेक शेतकऱ्यांच्या वस्तीतली. ती डावखुरी होती म्हणून शाळेतल्या ननने दोन वर्षे तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवला. लिहायला ती उजव्या हाताने शिकली. बाकी सगळे डाव्यानेच करत राहिली. घरी बापाची चार खेचरांची गाडी होती. गाडी हाकणारे सगळे लगाम डाव्या मुठीत धरतात आणि चाबूक उजव्यात. ही नेमके उलटे करायची. बाप म्हणायचा, "करू दे तिला. खेचरांनी अजून तक्रार केली नाही."

युद्धात ती पश्चिमेला आली, बरबँकच्या विमान कारखान्यात पत्र्याला रिव्हेट ठोकत होती. तिथे कोणीतरी तिचा फोटो काढला आणि स्टुडिओने तिला सात वर्षांच्या करारावर घेतले. पहिल्या आठवड्यात आडनावाचे केल झाले, दुसऱ्यात दोन दात कानशीने घासून सारखे केले गेले, तिसऱ्यात चालणे शिकवले गेले. मग ती कोणाची तरी बहीण झाली, कोणाची तरी नर्स झाली, फोन उचलून "साहेब बाहेर गेलेत" म्हणणारी झाली. करार संपला तेव्हा घरोघरी दूरदर्शनचे खोके आले होते, आणि ती त्या खोक्यात दार उघडणारी बाई झाली. शेरिफ दार ठोठावणार, आर्डिस दार उघडणार, शेरिफ नवरा मेल्याचे सांगणार, आर्डिस चौकटीला धरून खाली बसणार. ती चौकटीला छान धरते असा तिचा लौकिक होता.

एवढ्या सगळ्यात तिचे स्वतःचे असे एकच होते. बेचाळीस सेकंद.

सत्तेचाळीस सालच्या नोव्हेंबरात, केर्न नदीवर, ज्या सिनेमात ती धाकटी बहीण होती त्यात बहिणीने ताडपत्रीची गाडी एकटीने नदीपार न्यायची होती. अर्थात बहिणीने नाही, बहिणीच्या डुप्लिकेटने. त्या काळी बाईचा डुप्लिकेट म्हणजे टोप आणि झगा घातलेला पुरुषच असे. हा वेस डॅगेट नावाचा गडी होता, भला माणूस. त्या सकाळी खेचराने त्याच्या बरगडीत लाथ घातली. आदल्या पावसाने नदी फुगलेली, सूर्य कलायला लागलेला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी परत निघायचे होते. आर्डिस म्हणाली, मी नेते.

दिग्दर्शकाने आधी तिच्याकडे आणि मग नदीकडे पाहिले. नटीने असले काही करू नये असा विमा कंपनीचा नियम होता. "तू इथे नाहीस," तो म्हणाला. "तू तंबूत झोपली आहेस. समजलं? गाडीवर वेस आहे."

चोविसाव्या वर्षी तिला वाटले, कोण काय लिहिते याने काय फरक पडतो. नदीने तर पाहिले. गाडी मधोमध पोचली तेव्हा पाणी फळीवर आले, खालच्या अंगाच्या खेचराने प्रवाहाला पाठ द्यायला सुरुवात केली आणि मागचे चाक तरंगू लागले. ते सगळे तिने हाताने ओळखले, डोळ्यांनी नाही. ती ओरडली नाही. त्या खेचराच्या कानाजवळ तिने चाबूक फक्त दाखवला. पलीकडे पोचल्यावर फळीच्या खिळ्याने झग्याची बाही फाटली होती आणि तिच्या बोटांची मूठ उघडत नव्हती. मिन्नाने ओला झगा अंगावरून सोडवला, बोटे एकेक करून उघडली, आणि नंतर ते ठिगळ लावले.

रोजच्या अहवालात लिहिले गेले, नदीपार: वेस डॅगेट.

आणि मग ते खरेच झाले. गावातल्या प्रत्येक स्टंटवाल्याला वेसने केर्न कशी ओलांडली ते पाठ होते. वेस आधी "मी नव्हतो" म्हणायचा. लोक हसायचे, विनय समजायचे, त्याच्यापुढे आणखी एक पेला सरकवायचे. पुढे त्याने म्हणणे सोडून दिले. चौपन्न साली तो मोटार अपघातात गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीजवळ उभे राहून कोणीतरी केर्न नदीचे भाषण केले. आर्डिस तिथे टोपी घालून उभी होती. तो दिग्दर्शकही दारूने संपला. नदीचा तो काठ धरणाच्या पाण्याखाली गेला. उरली ती फिल्म, आणि फिल्मवर चेहरा नव्हता. लांबून घेतलेली, पाण्याच्या तुषारात, टोपडे घातलेली एक आकृती.

तेच बेचाळीस सेकंद आता या मालिकेत जोडायचे होते. दूरदर्शनची रीतच तशी पडली होती. जुन्या सिनेमातला महागडा तुकडा घ्यायचा, त्यातला झगा कपडेपटातून काढायचा, नव्या पोरीला घालायचा, आणि जवळून तिचा ओला चेहरा दाखवायचा. पाहणाऱ्याला वाटावे, पोरीनेच नदी ओलांडली.

सोमवारी दिग्दर्शक हॅन्शॉने छोट्या थिएटरात सगळ्यांना बसवून तो तुकडा दाखवला. "बघा नीट," तो म्हणाला. "हा वेस डॅगेट. बाईसारखं बसणं किती हुबेहूब जमवलंय बघा पठ्ठ्यानं."

"ती मी आहे," आर्डिस म्हणाली.

अंधारात दोघे-तिघे हसले.

"आर्डिस, तू असतीस तर विमा कंपनीनं स्टुडिओला टाळं लावलं असतं."

"त्यांना कळू दिलं नाही."

"मग मला तरी कशाला कळू देतेस?" हॅन्शॉ म्हणाला, आणि यावर मात्र सगळेच हसले. मिन्ना शेवटच्या खुर्चीत बसली होती. तिने मांडीवरच्या सुईदोऱ्याच्या डब्याचे झाकण एकदा उघडले आणि लावले.

मग कंटिन्युइटीची बाई, जिचे काम दोन शॉटमधले बटणसुद्धा सारखे ठेवायचे होते, ती वहीतून मान वर काढून म्हणाली, "चाबूक डाव्या हातात आहे. जोलीन उजव्यानं धरते. जुळणार नाही."

तुकडा पुन्हा दाखवला गेला. चाबूक डाव्या हातातच होता.

"वेस डावखुरा होता?" कोणीतरी विचारले.

"नव्हता," आर्डिस म्हणाली.

तिला वाटले, आता. आता हे लोक दोन आणि दोन एकत्र मांडतील. यात काही अवघड नव्हते. हॅन्शॉने हनुवटी खाजवली आणि तिच्याकडे वळला.

"तू डावखुरी आहेस ना?"

"हो."

"झकास. मग शिकव पोरीला. उद्या सकाळी."

इतकेच. पुरावा समोर उभा होता, आणि त्याने पुराव्याला पाणी भरायला लावले. आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती उठली नाही. तेरा भागांचे काम होते. दारे उघडून उघडून सात वर्षांनी पहिल्यांदा एका घराच्या आत राहायला मिळणार होते, त्या घरात तिला नाव होते, चूल होती, दर आठवड्याला बोलायची वाक्ये होती. ते घर हातचे जाऊ द्यायचे की नाही, प्रश्न एवढाच होता.

जोलीन पार्डी बेकर्सफील्डची होती, तोंडात सारखे च्युइंगगम, वागायला सरळ. तबेल्यामागे उभ्या गाडीवर दोघी बसल्या. आर्डिसने तिच्या डाव्या मुठीत चाबूक दिला.

"मनगट कडक नको. माशी हाकलतेयस असं धर. उजव्या हातातले लगाम मात्र सोडायचे नाहीत, आकाश पडलं तरी."

"मिस केल, तुम्हाला कुठून येतं हे?"

"घरी होती खेचरं."

"आमच्या काकांचं घर केर्नच्या धरणात गेलं. जुन्या गावात. काका अजून रविवारी पाण्यापाशी जाऊन बसतात आणि सांगतात, आपण आत्ता न्हाव्याच्या दुकानावर बसलोय." जोलीनने चाबूक हलवून पाहिला. "काल तुम्ही म्हणालात ते खरं आहे?"

"हो."

"म्हणजे नदीत तुम्ही."

"मी."

पोरगी हसली नाही. गम चावायची थांबली. "मग मी काय करतेय यात?"

"तू माझा चेहरा आहेस," आर्डिस म्हणाली. "मनगट सैल."

त्याच दुपारी पटकथेची नवी पाने आली. काठावर गाडी येते, आई धावत येते, मुलीला मिठी मारते आणि म्हणते, "तुझ्या आईत एवढी धमक कधीच नव्हती, पोरी. ही नदी मला नसती ओलांडता आली."

आर्डिसने ते वाक्य तीनदा वाचले. मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या फोनवरून तिने लूला गाठले. तिची कामे पाहणारा लू सॅचर नेहमी जेवतानाच फोन उचलायचा.

"तेरा भाग, आर्डिस," तो घास चघळत म्हणाला. "वाक्य बोल आणि मोकळी हो."

"खोटं आहे ते."

"नटाचं वाक्य खरं कधीपासून असायला लागलं? गेल्या महिन्यात तू चार वेळा विधवा झालीस. एकदा तरी फोन केलास?"

"विधवा मी नव्हते, लू. नदीत मी होते."

"कोणाला माहीत आहे?"

"मला."

"मग एका माणसासाठी एवढा तमाशा नको," लू म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, आणि तेच जास्त लागले.

त्याचे म्हणणे चूक नव्हते. पंधरा वर्षे ती दुसऱ्यांची वाक्ये बोलत आली होती. तोंड भाड्याने दिले होते, चालणे दिले होते, आडनाव दिले होते. दातही घासून सारखे करून घेतले होते. पण या वाक्यात ते लोक तिच्याच तोंडाने तिच्याच हाताला खोटे पाडणार होते. लेखकाला ठाऊक नव्हते, हॅन्शॉला ठाऊक करून घ्यायचे नव्हते. घरफोड्याला निदान घर दुसऱ्याचे आहे हे माहीत असते. हे लोक तिच्या घरात शिरून तिलाच खुर्ची सरकवायला सांगत होते.

गुरुवारी चॅट्सवर्थच्या खडकांत चित्रीकरण होते. तिथे पावणेचारला सूर्य डोंगरामागे जातो आणि मग काही करता येत नाही. जुन्या तुकड्यातला उजेड कलत्या उन्हाचा होता, म्हणून नेमकी तीच वेळ साधायची होती. खेचरांवर पाइपने पाणी मारले. जोलीनवर मिन्नाने झारीने पाणी ओतले.

आर्डिसने झारीला हात लावून पाहिला. पाणी कोमट होते.

"सर्दी होईल तिला," मिन्ना खाली बघत म्हणाली.

"हो," आर्डिस म्हणाली. "होऊ नये."

पहिल्या वेळी ती धावत आली, मुलीला मिठी मारली आणि गप्प उभी राहिली. कॅमेरा चालत राहिला. हॅन्शॉने थांबवला.

"वाक्य विसरलीस?"

"पाठ आहे."

"मग?"

"खरं नाही ते. तुम्ही चाबूक पाहिलात. तुम्हालाही माहीत आहे."

हॅन्शॉ जवळ आला. तो ओरडणारा माणूस नव्हता. त्याने घड्याळ पाहिले, खडकांच्या माथ्याकडे पाहिले. "हे बघ आर्डिस. मला काय माहीत आहे ते सोड. समजा तू होतीस. आज ते सांगून कोणाचं भलं होणार आहे? लोकांना पोरगी बघायची आहे." मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने म्हणाला, "त्या काळी बायका तापाने फार पटकन जायच्या. तुला ठाऊकच असेल. एका पानात जायच्या."

"ठाऊक आहे."

"मग बोल दोन ओळी. पंधरा मिनिटांचं ऊन आहे."

आर्डिसने मिन्नाकडे पाहिले. त्या खडकांत नदीच्या त्या दिवसाचा एकच साक्षीदार होता, आणि त्याच्या हातात रिकामी झारी होती. मिन्नाला निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. तिने झारी या हातातून त्या हातात घेतली.

दुसऱ्या वेळी आर्डिस धावली नाही, चालत आली. मिठी मारली नाही. चाकावर पाय देऊन वर चढली, जोलीनची डावी मूठ आपल्या हातात घेतली आणि पाहिली. तिला पटकथेतली आई आठवेना. बापाच्या अंगणातली धूळ आठवली.

"मूठ सैल होती तुझी," ती म्हणाली. "मधोमध आल्यावर खालच्या अंगाचं खेचर पाठ देतं. तेव्हा मारायचं नाही. कानापाशी नुसता दाखवायचा. मी आले तेव्हा पाणी याहून वर होतं."

हे कुठल्याच पानावर नव्हते. जोलीनच्या केसांतून कोमट पाणी गळत होते. तिने क्षणभर हॅन्शॉच्या दिशेने पाहिले, मग आर्डिसच्या तोंडाकडे.

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. "तूच शिकवलंस."

हॅन्शॉने तोंड उघडले, तेवढ्यात कॅमेरामन म्हणाला, "ऊन गेलं." आणि खरेच गेले होते. खडक राखेच्या रंगाचे झाले होते. दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्या मालिकेची माणसे येणार होती. जे होते त्यावर भागवण्यावाचून इलाज नव्हता.

हॅन्शॉने टोपी घातली. "छान," तो आर्डिसला म्हणाला, आणि मोटारीकडे गेला. पुढच्या आठवड्याची पाने तिच्या घरी आली नाहीत. लूने फोन केला तेव्हा पहिल्यांदाच तो काही खात नव्हता.

दोन महिन्यांनी तो भाग लागला. संध्याकाळी साडेसातला मिन्ना आर्डिसच्या भाड्याच्या घरी आली, हातात गाजराचा केक. आर्डिसने आईच्या पद्धतीचे, आलुबुखाराचा मुरंबा भरलेले पाव भाजले होते. दोघी खोक्यासमोर बसल्या. नदी आली. चाक तरंगले, चाबूक हलला, गाडी काठाला लागली. मग जोलीनचा ओला चेहरा, आणि मग ती बोलणी, जशीच्या तशी. शेवटी नावे सरकली. नदीत कोण होते हे त्यात नव्हते. ते कधीच नसते.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही मिन्ना आली. न बोलावता. त्या भागात टेकडीवर लाकडी क्रूस होता, जोलीन काळ्या शालीत उभी होती आणि चव्वेचाळीसचा नायक टोपी छातीशी धरून होता. "ताप नव्हे, वणवाच," बावन्न वर्षांचा नवरा म्हणाला. "तीन दिवसांत गेली बिचारी." मग त्याने घोड्याला टाच मारली, आणि गोष्ट पुढे चालू लागली.

मिन्नाने पाव बशीत ठेवला.

"मी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "थिएटरात. खडकांतही."

"हो. हवं होतं."

मिन्नाने वाट पाहिली. आर्डिस जाऊ दे म्हणाली नाही. ती उठली, खोक्याचे बटण फिरवले, आणि चित्र आकसत आकसत मधोमध पांढरा ठिपका होऊन विझेपर्यंत तिथेच उभी राहिली. डाव्या हाताची मूठ तिने एकदा मिटली, उघडली.

"तापानं मारली मला," ती म्हणाली. "नदीत बुडाली म्हणायला मात्र त्यांची जीभ रेटली नाही."